सर्वसाक्षी डोळा : व्हिडिओ गेममधील रिप्ले आणि मुक्त कॅमेरा

कथनमीमांसा शिकवताना ‘दृष्टिकोण’ ही संकल्पना आम्ही बहुधा हरिभाऊ आपट्यांपासून सुरू करतो. ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू स्वतःची कथा स्वतः सांगते; तिला जे दिसले, तिच्या कानांवर जे आले, तेवढेच वाचकाच्या वाट्याला येते. ‘उषःकाल’मधला निवेदक मात्र कोठेही वावरतो, बंद दाराआडचे बोलणे ऐकतो, दूरदूरच्या दोन ठिकाणी एकाच वेळी काय घडले ते सांगतो. हा निवेदक कोण, त्याला हे सगळे कसे कळते, असा प्रश्न आपण विचारत नाही. तो वाङ्मयाचा संकेत आहे आणि वाचक म्हणून आपण तो मान्य करून टाकलेला आहे.

गेल्या तीसेक वर्षांत या संकेताला एक यांत्रिक भावंड जन्माला आले आहे. ते साहित्यात नाही, व्हिडिओ गेममध्ये आहे. खेळ संपल्यावर तोच खेळ पुन्हा लावायचा आणि तो खेळाडूच्या डोळ्यांनी न पाहता आपल्याला हव्या त्या जागी उभे राहून, हव्या त्या कोनातून पाहायचा, ही सोय म्हणजे ‘मुक्त कॅमेरा’. भिंतीतून आरपार जाणारा, छताला चिकटून राहणारा, मरणाऱ्याच्या आणि मारणाऱ्याच्या मधोमध तरंगणारा हा डोळा ‘उषःकाल’च्या निवेदकासारखाच कोठेही जाऊ शकतो. फरक इतकाच की येथे ‘याला हे कसे कळते?’ हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे नेमके उत्तरही मिळते. त्या उत्तराचा इतिहास मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. समीक्षेच्या पानांवर हा विषय काहींना उपरा वाटेल. परंतु घडून गेलेली गोष्ट जपायची कशी, ती पुन्हा पाहताना उभे कोठे राहायचे आणि तिथून खरोखर काय कळते, हे प्रश्न इतिहासाचे आणि साहित्याचे जुनेच प्रश्न आहेत.

चित्र आणि नोंद

‘रिप्ले’ हा शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी पोहोचला. दूरचित्रवाणीवरील तत्क्षणी रिप्लेची सुरुवात मात्र अमेरिकेत, ७ डिसेंबर १९६३ रोजी, तेथील भूदल आणि नौदल यांच्या अकादम्यांमधील फुटबॉल सामन्यात झाली. टोनी व्हेर्ना या दिग्दर्शकाने नुकताच घडलेला क्षण ध्वनिचित्रफितीवरून पुन्हा दाखवला. हे प्रेक्षकांना इतके नवे होते की भूदलाने पुन्हा गुण मिळवलेले नाहीत, हे निवेदकाला आवर्जून सांगावे लागले.

या रिप्लेमध्ये जपले गेले ते चित्र. कॅमेरा जिथे होता तिथेच राहतो. आपण क्षण लांबवू शकतो, थांबवू शकतो, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तोच क्षण पाहू शकत नाही. तिथे कॅमेरा नसेल तर तो क्षण त्या बाजूने कायमचा नाहीसा झालेला असतो.

व्हिडिओ गेमचा रिप्ले याहून मुळातच वेगळ्या जातीचा आहे. त्यात बहुतेक वेळा चित्र नसतेच. असते ती नोंद. आपल्याला ओळखीचे उदाहरण द्यायचे तर गाण्याची ध्वनिमुद्रिका आणि भातखंड्यांनी स्वरलिपीत उतरवलेली बंदीश यांच्यातला हा फरक आहे. ध्वनिमुद्रिका एका गायकाचे एका दिवशीचे गाणे जसेच्या तसे देते. स्वरलिपी गाणे देत नाही. गाणे पुन्हा कसे उभे करावे ते सांगते, आणि ते उभे करायला कोणीतरी गाणारा लागतो. बुद्धिबळाचा डाव कागदावर लिहून ठेवतात तोही याच जातीचा. खेळाच्या रिप्लेत हा ‘गाणारा’ म्हणजे तो खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम. मुक्त कॅमेरा शक्य होतो तो या नोंदीमुळे. चित्रात डोळा गोठलेला असतो. नोंदीत डोळा नसतोच, म्हणून तो मागाहून कोठेही बसवता येतो.

डूम : केवळ हातांची नोंद

डिसेंबर १९९३ मध्ये टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध केला. खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणारे, भूलभुलैयासारखे जग आणि त्यातले राक्षस, असे त्याचे स्वरूप होते. या खेळात आपला खेळ नोंदवून ठेवण्याची सोय होती. नोंदवलेल्या खेळाला ‘डेमो’ म्हणत.

या डेमोची रचना पाहण्यासारखी आहे. डूममधले जग सेकंदाला ३५ वेळा पुढे सरकते. प्रत्येक ठोक्याला ‘टिक’ म्हणतात. प्रत्येक टिकला प्रत्येक खेळाडूमागे फक्त चार बाइट लिहिले जातात : पुढेमागे किती, आडवे किती, वळला किती, आणि कोणती कळ दाबली. बस्स. म्हणजे सेकंदाला १४० बाइट, मिनिटाला ८,४००. वाचक आत्ता वाचत आहेत तो लेख संगणकात जेवढी जागा घेईल, तेवढ्यात डूमचा सुमारे पाच मिनिटांचा खेळ मावतो.

या फाइलमध्ये कितीही शोधले तरी खेळाडू कोठे उभा होता हे लिहिलेले सापडत नाही. राक्षसांचा तर उल्लेखही नाही. गोळी कोणाला लागली, दार कधी उघडले, यांपैकी काही नाही. आहे ती केवळ हातांची हालचाल. उरलेले सगळे जग प्रोग्रॅम पुन्हा घडवतो. सुरुवात तीच, नियम तेच, हातांची हालचाल तीच, म्हणून परिणामही तोच.

येथे कोणी विचारील, की यदृच्छेचे काय? राक्षस कधी डावीकडे वळतात, कधी उजवीकडे. मार कधी कमी बसतो, कधी जास्त. त्यालाही डूमकर्त्यांनी उत्तर योजून ठेवले होते. खेळातली यदृच्छा म्हणजे २५६ अंकांचा एक ठरीव तक्ता. प्रत्येक वेळी त्यातला पुढचा अंक उचलायचा, तक्ता संपला की पुन्हा पहिल्यापासून. खेळाडूला जे दैव वाटते ते आधीच छापलेले असते. त्यामुळेच डेमो लावला की प्रत्येक राक्षस पुन्हा नेमका त्याच बाजूला वळतो.

या पद्धतीचे दोन परिणाम ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की असा डेमो उलटा चालवता येत नाही. दहाव्या मिनिटाला काय झाले हे कळायला पहिल्या टिकपासून सगळे पुन्हा घडवावे लागते. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा. नोंद इतकी तुटपुंजी असूनही, किंबहुना तशी असल्यामुळेच, पुन्हा घडणारे जग संपूर्ण असते. खेळाडूने ज्या खोलीत पाऊलही टाकले नाही तिथले राक्षसही आपापल्या जागी हजर असतात. मूळ डूममध्ये अनेकांच्या खेळाचा डेमो पाहताना एका खेळाडूच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत जाता येई, एवढीच मुभा होती. पण डिसेंबर १९९७ मध्ये इड सॉफ्टवेअरने डूमची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली आणि हौशी मंडळींनी तिच्या नव्या आवृत्त्या केल्या. ‘पीआरबूम प्लस’ या आवृत्तीत डेमो चालू असताना कॅमेरा खेळाडूपासून सोडवून मोकळा फिरवता येऊ लागला. १९९४ मध्ये कोणी खेळलेला खेळ, त्या वेळी अस्तित्वातच नसलेल्या डोळ्याने पाहता येऊ लागला, तो असा.

क्वेक : जागांची नोंद

जून १९९६ मध्ये त्याच कंपनीचा ‘क्वेक’ आला. त्याचे जग खऱ्या अर्थाने त्रिमितीय होते. त्याची डेमो-पद्धतही निराळी होती. क्वेकमध्ये खेळ चालवणारा सर्व्हर आणि खेळाडूचे यंत्र असे दोन भाग कल्पिलेले होते. सर्व्हरकडून खेळाडूच्या यंत्राला जे निरोप येत ते तसेच्या तसे फाइलमध्ये उतरवून ठेवले जात. या निरोपांत हातांच्या हालचालींऐवजी जागा असत : अमुक वस्तू अमुक ठिकाणी, अमुक दिशेला तोंड करून.

शाळेत आलेखाच्या कागदावर क्ष-अक्ष आणि य-अक्ष काढून बिंदू मांडले ते वाचकांना आठवत असेलच. क्वेकच्या जगात त्याला उंचीचा तिसरा अक्ष जोडलेला. मध्यबिंदूपासून प्रत्येक बाजूस ४,०९६ एककांपर्यंत जग पसरलेले आणि जागा सांगायची ती एककाच्या आठव्या भागापर्यंत. त्याहून सूक्ष्म फरक निरोपात मावत नसे. खेळाडूच्या देहाची चौकट ३२ एकके रुंद आणि ५६ एकके उंच. तीन सहनिर्देशक आणि दिशेचे कोन मिळाले की डोळ्याची जागा पक्की होते. आणि डोळ्याची जागा म्हणजे फाइलमधले काही आकडे असतील, तर ते आकडे बदलताही येतील. उवे गिर्लिख या जर्मन अभ्यासकाने ही फाइल ओळीने उलगडून तिचे व्याकरण लिहून काढले आणि ‘लिटल मूव्ही प्रोसेसिंग सेंटर’ नावाचे एक साधन तयार केले. त्याने डेमोचे रूपांतर वाचता येण्याजोग्या मजकुरात व्हायचे. मजकूर सुधारायचा आणि पुन्हा फाइल बनवायची. घडून गेलेला खेळ हा संपादनाचा विषय झाला.

ऑक्टोबर १९९६ मध्ये, म्हणजे क्वेक येऊन चार महिने होतात न होतात तोच, ‘रेंजर्स’ नावाच्या खेळाडूंच्या गटाने ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही जेमतेम दीड-दोन मिनिटांची कृती प्रसिद्ध केली. खेळातल्या एका आखाड्यात दबा धरून बसलेला एक खेळाडू आणि त्याला हुडकणारे इतर, एवढीच गोष्ट. संवाद पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांत. पण तिथला कॅमेरा कुठल्याही पात्राचा डोळा नव्हता. तो वेगळा, बाहेरचा होता. खेळाच्या इंजिनातून चित्रपट करण्याच्या ज्या प्रकाराला पुढे ‘मशिनिमा’ नाव पडले, त्याचा आरंभ या कृतीपासून मानतात. आमच्या दृष्टीने, खेळातला प्रथमपुरुषी निवेदक तृतीयपुरुषी झाला तो येथे.

पुढच्याच वर्षी, जून १९९७ मध्ये, ‘क्वेक डन क्विक’ आले. काही निष्णात खेळाडूंनी मिळून संपूर्ण क्वेक, सर्वांत कठीण पातळीवर, १९ मिनिटे ४९ सेकंदांत पार केला होता. त्याची नोंद मूळ रूपात तर प्रसिद्ध झालीच. शिवाय कॅमेरे नव्याने लावून, बाहेरून पाहिलेली एक आवृत्तीही निघाली. एकच घटना, दोन निवेदने. पहिल्या आवृत्तीत वेग कळतो, कारण आपण त्या धावणाऱ्याच्या कवटीत बसलेलो असतो. दुसरीत कौशल्य कळते, कारण धावणारा देह, त्याने घेतलेली झेप आणि खालची खाई एकत्र दिसतात.

मात्र क्वेकच्या नोंदीत एक मर्म होते. खेळाडूच्या जागेवरून जे दिसण्याची शक्यताच नाही, त्याचे निरोप सर्व्हर पाठवतच नसे. तेव्हाच्या संथ दूरध्वनी-जोडण्यांवर अनावश्यक ओझे नको, हे त्याचे साधे कारण. परिणाम असा की क्वेकच्या डेमोत कॅमेरा मोकळा करून दूरच्या दालनात नेला, तर दालन असते, भिंती असतात, मशाली असतात. पण तिथे त्या क्षणी वावरणारे कोणी फाइलमध्ये नसते. भिंती नकाशातून येतात, माणसे नोंदीतून. आणि नोंद एका माणसाच्या नजरेपुरती. डोळा मुक्त झाला तरी साधन मुक्त होत नाही.

डूम आणि क्वेक यांतला हा विरोध आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. जागांची तपशीलवार नोंद ठेवणाऱ्या फाइलमधून अर्धे जग मिळते आणि जागेचा एक अक्षरही उल्लेख नसलेल्या फाइलमधून संपूर्ण जग मिळते. इतिहासाच्या साधनांबाबतही असेच म्हणता येईल. एखाद्या दरबारी वृत्तान्तात प्रसंगाचे वर्णन भरघोस असते, पण ते लिहिणारा जिथे बसला तिथून दिसणारे; आणि रुक्ष जमाखर्चाच्या वहीत वर्णन शून्य असूनही, नियम ठाऊक असतील तर गावाचा सगळा व्यवहार पुन्हा मांडता येतो.

सर्वांसाठी डोळा, पण उशिरा

एका खेळाडूच्या नजरेची ही मर्यादा पुढे ओलांडली गेली. ‘हाफ-लाइफ’ या खेळाच्या घराण्यात सामने प्रेक्षकांना दाखवण्यासाठी ‘एचएलटीव्ही’ ही व्यवस्था आली. ती कोणा एका खेळाडूच्या यंत्रावर न बसता सर्व्हरशेजारी बसे, त्यामुळे तिला सगळ्यांची हालचाल मिळे. पण तिचे प्रक्षेपण मुद्दाम उशिराने केले जाई. कारण उघड आहे : सर्व काही पाहणारा डोळा चालू सामन्यात उपलब्ध झाला तर कोणीही मित्र तो पाहून खेळाडूच्या कानात शत्रूची जागा सांगेल. सर्वसाक्षित्व वर्तमानात दिले तर तो अन्याय होतो. भूतकाळात दिले तर तो न्यायाला उपयोगी पडतो. हे तत्त्व तंत्रज्ञांनी तात्त्विक चर्चा न करता, काही सेकंदांचा विलंब घालून अमलात आणले.

२००१ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ला रिप्लेची जोड मिळाली, सप्टेंबर २००७ मध्ये बंजी या कंपनीच्या ‘हॅलो ३’ने झालेले खेळ आपोआप जपून, मोकळ्या कॅमेऱ्याने पाहण्याची सोय दिवाणखान्यातल्या सामान्य खेळाडूपर्यंत नेली. जे १९९६ मध्ये फाइली उलगडणाऱ्या मूठभरांना साधत होते ते आता हातातल्या नियंत्रकाच्या कळीवर आले.

‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्यांमध्ये याचा एक वेगळाच वापर रुळला. तिथे एक आज्ञा दिली की आपण उभे आहोत त्या जागेचे तीन सहनिर्देशक आणि नजरेचे कोन पडद्यावर छापून येतात. दुसरी आज्ञा देऊन तेच आकडे भरले की प्रेक्षकाचा कॅमेरा नेमका तिथे जातो. नोंदीतल्या कोणत्याही टिकवर थेट उडी घेण्याचीही आज्ञा आहे. म्हणजे टिकचा क्रमांक, जागेचे तीन आकडे आणि नजरेचे दोन, अशा सहा आकड्यांत एक माणूस दुसऱ्याला सांगू शकतो : या क्षणी, येथे उभा राहा, इकडे पाहा, मी म्हणतो ते तुला दिसते का?

संशोधनाच्या भाषेत याला संदर्भ देणे म्हणतात. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून आपल्याकडे एक शिस्त रुजली, की बखरकाराच्या रसाळ सांगण्यावर न विसंबता अस्सल कागद समोर ठेवावा, म्हणजे दुसऱ्यालाही तो तपासता येईल. ‘तो भिंतीआडून मला पाहत होता, नक्की लबाडी केली’, ही खेळाडूंची बखर झाली. सहा आकडे हा अस्सल कागद.

आकड्याचे नाव मिळालेली लढाई

हा डोळा केवळ करमणुकीसाठी घडला असे मानणे भाबडेपणाचे होईल. १९७० च्या दशकात अमेरिकी वैमानिकांच्या सरावासाठी अशी यंत्रणा उभी राहिली होती की विमानांना बसवलेल्या उपकरणांतून त्यांची जागा, वेग, कल यांची माहिती जमिनीवर येई आणि सराव संपल्यावर संपूर्ण हवाई द्वंद्व पडद्यावर कोणत्याही बाजूने पुन्हा पाहता येई. त्याआधी ‘मी तुला पाडले’ आणि ‘नाही पाडलेस’ हा वाद आठवणींच्या आधारे चाले.

याहून बोलके उदाहरण २६ फेब्रुवारी १९९१ च्या लढाईचे. आखाती युद्धात, इराकच्या दक्षिणेकडील वाळवंटात, अमेरिकेची दुसरी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट आणि इराकी रिपब्लिकन गार्डची तवकल्ना डिव्हिजन यांची गाठ पडली. तिथे गाव नव्हते, टेकडी नव्हती, नदी नव्हती. त्यामुळे लढाईला नाव मिळाले ते नकाशावरच्या एका उभ्या रेघेचे : ‘७३ ईस्टिंग’. आपल्या इतिहासात लढाया ओळखल्या जातात त्या पानिपत, खर्डा, आष्टी अशा गावांच्या नावाने. येथे रणभूमीचे नाव म्हणजे निव्वळ एक सहनिर्देशक.

लढाईनंतर लवकरच अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधकांनी मैदानाची पाहणी केली, लढलेल्या सैनिकांच्या मुलाखती घेतल्या आणि रणगाड्यांच्या सरावासाठी बनवलेल्या ‘सिमनेट’ या जाळ्यात ती लढाई क्षणाक्षणाने पुन्हा उभी केली. पाहणारा एखाद्या उडत्या गालिच्यावर बसल्यासारखा रणांगणावरून हवा तसा फिरू शकत असे, हव्या त्या क्षणी थांबू शकत असे. प्रत्यक्ष लढाई झाली ती वाळूच्या वादळात. समोरचे धड दिसत नव्हते. उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणींतून अमेरिकी रणगाड्यांनी वेध घेतला. लढणाऱ्यांपैकी कोणालाही न दिसलेले स्वच्छ आकाश आणि स्पष्ट रांगा या पुनर्निर्मितीत दिसत. शिवाय तिचा मुख्य आधार होता तो जिंकलेल्या बाजूच्या आठवणींचा. क्वेकच्या रिकाम्या दालनाची येथे आठवण यावी. कॅमेरा इराकी रणगाड्याजवळ नेता येतो. पण त्या रणगाड्यातल्या माणसाला शेवटच्या क्षणी काय दिसले, याची नोंद करणारा कोणी उरलेला नसतो. तरीही डोळा तिथे जाऊ शकतो, म्हणून आपल्याला तेही कळले, असा भास मात्र होतो. मुक्त कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा धोका आम्हांला हाच वाटतो.

डोळ्याला न दिसणारे

संजयाची आठवण मराठी वाचकाला येथवर आलीच असेल. व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी दिली आणि तो धृतराष्ट्राला युद्ध सांगू लागला. ही उपमा सहज सुचणारी आहे, पण ती तपासून घ्यावी. महाभारतातल्या त्या वरदानात दूरचे दिसणे होते तसे दुसऱ्याच्या मनात आलेले कळणेही होते. शिवाय संजय सुरक्षित अंतरावर नव्हता. शल्यपर्वात सात्यकी त्याला पकडतो आणि व्यासांमुळे तो जिवंत सुटतो. मुक्त कॅमेऱ्याला यांपैकी एकही गोष्ट लागू नाही. त्याला कोणी पकडू शकत नाही, त्याला इजा नाही, आणि त्याला कोणाचे मन कळत नाही. ‘उषःकाल’चा निवेदक पात्राच्या अंतरंगात शिरतो, हा डोळा पात्राच्या डोक्यात शिरला तर त्याला कवटीची आतली बाजू, तीही पोकळ, तेवढी दिसते.

मग हेतूचा शोध लागतच नाही काय? त्याचे उत्तर २०२१ मधल्या एका प्रकरणात मिळते. ‘ट्रॅकमेनिया’ हा फ्रान्समधल्या नादेओ कंपनीचा मोटारशर्यतींचा खेळ. त्यातल्या विक्रमांचे रिप्ले वर्षानुवर्षे चाहत्यांनी जपून ठेवले होते. मे २०२१ मध्ये काही खेळाडूंनी हे जुने रिप्ले पुन्हा तपासले. गाडीची वाट, वळणे, उड्या, सगळे निर्दोष होते. कोणत्याही कोनातून पाहिले तरी संशयाला जागा नव्हती. पण या रिप्लेंमध्ये गाडीच्या जागेबरोबर सुकाणूच्या हालचालीही नोंदलेल्या होत्या. त्यांचा आलेख काढल्यावर दिसले की काही विक्रमांमध्ये सुकाणू सेकंदाला इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईने हलले आहे, की माणसाच्या हाताला ते त्या वेगाने जमणार नाही. खेळ संथ करून खेळायचा आणि नोंद नेहमीच्या वेगाची म्हणून सादर करायची, अशी ती युक्ती होती. काही विक्रम तर दशकाहून जुने होते.

म्हणजे जे मुक्त डोळ्याला दिसले नाही ते हातांच्या नोंदीने सांगितले. डोळा परिणाम पाहतो. हेतूची चाहूल, लागलीच तर, कृतीच्या तपशिलातून लागते. ज्यांनी ते रिप्ले दहा-दहा वर्षे निमूटपणे सांभाळले त्यांना, पुढे कोणी त्यातून काय वाचेल याची कल्पना नव्हती. दप्तरखान्यातला कारकूनही कागद जपतो तो असाच.

नोंद आणि तिचा वाचक

शेवटी प्रश्न उरतो तो टिकण्याचा. चित्र स्वयंपूर्ण असते, नोंद परावलंबी. डूमच्या डेमोचा पहिला बाइट खेळाच्या आवृत्तीचा क्रमांक सांगतो, कारण आवृत्ती बदलली की अर्थ बदलतो. नियमांत तिळाएवढा फरक पडला तर पहिली काही सेकंदे सगळे सुरळीत दिसते. मग एक गोळी चुकते, एक राक्षस जिवंत राहतो, आणि हातांच्या हालचाली तशाच चालू राहून विक्रमवीर भिंतीवर डोके आपटत उभा राहतो. नोंद शाबूत, वाचक बिघडलेला.

म्हणून ‘चॉकलेट डूम’सारख्या आवृत्त्यांच्या कर्त्यांनी मूळ खेळ त्याच्या चुकांसकट जपला; पीआरबूम प्लसमध्ये, कोणत्या काळच्या चुकांसह डेमो लावायचा हे निवडता येते. पाठचिकित्सा करणाऱ्याला यातले मर्म चटकन कळेल. पोथीतला अशुद्ध दिसणारा पाठ परस्पर ‘सुधारला’ की पोथीची साक्ष संपते. येथे तर चूक दुरुस्त केली की इतिहासच वेगळा घडतो.

ज्या खेळांची संहिता खुली झाली त्यांचे हे भाग्य. ज्यांची झाली नाही आणि जे कंपनीच्या सर्व्हरवरच जगतात, त्यांचे रिप्ले दर नव्या आवृत्तीबरोबर निकामी होण्याचा संभव असतो आणि सर्व्हर बंद झाला की उरतात त्या केवळ ध्वनिचित्रफिती. २००५ मध्ये यूट्यूब आल्यापासून त्या मुबलक आहेत आणि त्या टिकतीलही. पण त्यांत डोळा पुन्हा गोठलेला आहे; १९६३ च्या मैदानावर होता तसाच. तिथे जाऊन, बाजूला सरकून, ‘इथून पाहू या’ असे म्हणता येत नाही. सांगणाऱ्याने दाखवले तेवढेच पाहायचे.

सौप्तिकपर्वात दुर्योधनाच्या मृत्यूबरोबर संजयाची दिव्यदृष्टी नाहीशी होते. युद्ध संपले, दृष्टीचे प्रयोजन संपले. आपले प्रयोजन मात्र युद्ध संपल्यावर सुरू होते. म्हणून नुसता डोळा मिळून भागत नाही. नोंद, ती वाचणारे यंत्र आणि त्या यंत्राच्या चुका, असे सगळे मिळून जपावे लागते. सर्वसाक्षी निवेदकाला हे सगळे कसे कळले, या आमच्या वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर निदान एका क्षेत्रात तरी सरळ आहे : कोणीतरी ते लिहून ठेवले होते, आणि कोणीतरी ते फेकून दिले नाही.